मुंबईचें नगरमंदिर

काव्य, नाटक, कादंबरी यांचें परीक्षण करण्याची परंपरा आपल्याकडे चांगली रुळली आहे. गवयाच्या मैफलीवर आणि चित्रकाराच्या प्रदर्शनावरहि जाणती मंडळी आपलें मत देतात. परंतु ज्या कलाकृतीच्या सावलींतून आपण रोज जातों, जिच्यासाठीं आपल्या पूर्वजांनीं कराच्या रूपानें पैसा मोजला, आणि जी पाहावयाची कीं नाहीं हें ठरविण्याचें स्वातंत्र्यहि आपणांस नसतें, त्या इमारतीच्या गुणदोषविवेचनाच्या वाटेस आपण सहसा जात नाहीं. नाटक न आवडल्यास प्रेक्षक उठून जाऊं शकतो. पुस्तक मिटून ठेवतां येतें. भर चौकांत उभी राहिलेली इमारत मात्र शंभर शंभर वर्षें डोळ्यांसमोरून हलत नाहीं. तिच्याविषयीं विचारपूर्वक मत बनविणें हें रसिकाचें काम आहे, आणि त्याहून अधिक नागरिकाचें आहे.

मुंबईस बोरीबंदरच्या चौकांत महानगरपालिकेची जी जुनी दगडी इमारत आहे, तिच्यासंबंधानें असा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. तिची स्तुति पुष्कळ झालेली आहे. घुमटाची उंची, कमानींचें नक्षीकाम, शिल्पकाराचें कौशल्य यांचीं वर्णनें वाचकांनीं वाचलीं असतील. परंतु वर्णन म्हणजे परीक्षण नव्हे. देऊळ पाहतांना सभामंडपाचा आणि गाभाऱ्याचा मेळ कसा बसला आहे हें आपण पाहतों; किल्ला पाहतांना तट-बुरूज आपल्या कामास पुरे पडले असते कीं नाहीं याचा विचार करतों. त्याचप्रमाणें नगरमंदिर पाहतांना एक प्रश्न टाळतां येत नाहीं : ह्या घराचा धनी कोण? घर शहराचें हें खरें. पण शहर म्हणजे सरकार, अधिकारी, कर भरणारे मूठभर श्रीमंत, कीं रस्त्यानें चालणारा प्रत्येक मनुष्य? ह्या प्रश्नास वास्तु काय उत्तर देते आणि इतिहासानें काय उत्तर दिलें, हीं दोन्ही उत्तरें शेजारीं ठेवून पाहिल्याशिवाय ह्या इमारतीचें खरें मोल कळणार नाहीं, असें आमचें मत आहे.

ह्या इमारतीच्या आधीं साठ वर्षें मुंबईंत एक टाउन हॉल होता आणि तो आजहि आहे. आतांच्या हॉर्निमन सर्कलसमोर रुंद पायऱ्यांवर डोरिक खांबांची ओळ घेऊन उभी असलेली ती इमारत आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयामुळें आंतूनहि पाहिली असेल. कर्नल टॉमस कौपर ह्या लष्करी इंजिनिअरानें तिचा आराखडा केला. १८२१ मध्यें काम सुरू झालें आणि १८३३ मध्यें पुरें झालें. आरंभीं लॉटरी काढून पैसा जमविण्याचा यत्न झाला. तो पुरा न पडल्यामुळें मोठा वांटा कंपनी सरकारास उचलावा लागला. वास्तु म्हणून तिच्यांत काढण्यासारखा दोष फार थोडा. तीस पायऱ्या चढून जातांना मनुष्याची चाल आपोआप मंद होते, आणि खांबांच्या सावलींत पोंचल्यावर आपण कांहीं गंभीर कामासाठीं आलों आहों असें वाटूं लागतें. परंतु ती बांधली गेली त्या काळीं ह्या शहरास स्वतःचें असें शासनच नव्हतें. हॉल होता, पण ज्याचा तो हॉल असावयाचा तें नगर राज्यकारभाराच्या दृष्टीनें अद्याप जन्मास आलेलें नव्हतें. तेथें सभा भरत, मानपत्रें दिलीं जात, थोर पुरुषांचे पुतळे बसत. नळ कोठें न्यावा आणि कर किती बसवावा हें ठरविण्याचा अधिकार त्या सभांना नसे. अथेन्सच्या देवळाचा वेष घेऊन ती इमारत अथेन्सच्या नागरिकांची वाट पाहत राहिली.

शहराला शासन मिळूं लागलें तें पुढें, आणि तेंहि हप्त्याहप्त्यानें. १८६५ च्या कायद्यानें जस्टिस ऑफ दि पीस यांचें मंडळ हीच नगरसंस्था ठरली आणि प्रत्यक्ष कारभार एका कमिशनराच्या हातीं गेला. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हा कर्तबगार होता. रस्ते, गटारें, मंडई ह्या कामांत त्यानें मोठी धडाडी दाखविली. पण खर्चास लगाम राहिला नाहीं. करदात्यांची कुरकूर वाढत जाऊन तिची चळवळ झाली, आणि १८७२ च्या कायद्यानें ६४ सभासदांची महापालिका अस्तित्वांत आली. त्यांपैकीं ३२ करदात्यांनीं निवडावयाचे, १६ जस्टिसांनीं, आणि १६ सरकारनें नेमावयाचे. म्हणजे अर्धें घर लोकांचें आणि अर्धें सरकारच्या विश्वासांतल्यांचें. 'लोक' ह्या शब्दाचा अर्थहि त्या वेळीं फार आंखूड होता : ठराविक रकमेचा कर भरणारा, तेवढाच लोकांत मोडे.

ह्या अर्ध्यामुर्ध्या स्वराज्यास हक्काचें घर नव्हतें. स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव १८८२ मध्यें करणारे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन हे १८८४ च्या डिसेंबरांत स्वदेशीं परत जाण्यासाठीं मुंबईस आले, तेव्हां त्यांच्याच हातून नव्या इमारतीची कोनशिला बसविण्यांत आली. मुहूर्त याहून योग्य साधला नसता. परंतु प्रत्यक्ष बांधकामास हात लागला तो १८८९ मध्यें. मधल्या चार वर्षांत दोन आराखडे सिद्ध होत होते : एक दगडाचा आणि एक कायद्याचा.

कायद्याचा आराखडा १८८८ मध्यें पुरा झाला. मुंबईच्या कायदेमंडळांत फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं महापालिकेचे अधिकार कमी होऊं नयेत म्हणून नेटानें झुंज दिली. नव्या कायद्यानें सभासदांची संख्या ७२ झाली. त्यांपैकीं ३६ वॉर्डांतून निवडून यावयाचे होते. कारभाराची अंमलबजावणी सरकारनें नेमलेल्या कमिशनराकडे, आणि धोरण व पैसा यांवरील ताबा महापालिका व तिची स्थायी समिति यांकडे, अशी वांटणी ठरली. ही वांटणी लक्षांत ठेवून इमारतीकडे पाहिलें तर तिच्या रचनेंतील एक गोष्ट उलगडते; ती आम्ही योग्य ठिकाणीं सांगूं.

दगडाच्या आराखड्यावरून मात्र आवडीनिवडीचा सामना झाला. मद्रासेंत नांव मिळविलेला रॉबर्ट चिझम याचा आराखडा ज्यास तेव्हां इंडो-सारासेनिक म्हणत त्या धाटणीचा, म्हणजे मोगल व पठाणी इमारतींवरून घेतलेला होता. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याचा आराखडा व्हेनिसकडील गॉथिक पद्धतीवर उभारलेला होता. अखेर स्टीव्हन्सची सरशी झाली. आमच्या स्वदेशाभिमानी वाचकांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, चिझमची निवड झाली असती तर शहरास आपल्या घरचा चेहरा मिळाला असता. आम्हांस तसें वाटत नाहीं. इंडो-सारासेनिक ही देखील इंग्रज शिल्पकारांनींच जुळवून आणलेली पद्धति होती. बादशहांच्या कबरी, मशिदी आणि महाल यांतून तिचे अवयव घेतलेले. आणि त्या इमारतींच्या मागें राजसत्ता होती, नगरसत्ता नव्हती. शिवाय मुंबई ही मोगलांची राजधानी कधींच नव्हती. कोळ्यांचीं गलबतें, पोर्तुगीजांचीं देवळें आणि कंपनीच्या वखारी यांतून वाढलेल्या ह्या बेटास आग्र्याचा पोशाख लंडनच्या पोशाखाइतकाच उसना ठरला असता. उलट गॉथिक पद्धतीच्या मागें इटलींतल्या आणि फ्लँडर्समधल्या व्यापारी शहरांची आठवण होती. तेथें विणकरांनीं आणि सौदागरांनीं सरदारांशीं भांडून आपलीं नगरगृहें उभारलीं. व्यापारावर जगणाऱ्या मुंबईनें त्या कुळाशीं नातें सांगावें यांत विसंगत कांहीं नव्हतें. अडचण इतकीच कीं, ती आठवण बांधणाऱ्याची होती. ज्यांच्यासाठीं बांधावयाचें त्यांची नव्हती.

स्टीव्हन्सचा जन्म १८४७ मध्यें इंग्लंडांतील बाथ ह्या गांवीं झाला. वयाच्या विसाव्या वर्षीं तो सरकारी बांधकाम खात्यांत नोकरीस इकडे आला, पुण्यास राहिला, मुंबईस स्थिरावला, आणि १९०० मध्यें मुंबईसच वारला. म्हणजे त्याचें कर्तेपणाचें सारें आयुष्य ह्याच मुलखांत गेलें. ज्या स्टेशनास त्या वेळीं व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणत आणि आज छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, ती त्याची कीर्ति झालेली कृति. तें काम १८७८ पासून दहा वर्षें चाललें, आणि तें संपतें न संपतें तोंच त्याच चौकाच्या दुसऱ्या बाजूस ह्या इमारतीचें काम त्याच्याकडे आलें. एकाच लेखकाच्या दोन प्रौढ कृति एकमेकींसमोर ठेवून वाचावयास मिळाव्या, असा हा योग आहे.

स्टेशनाची इमारत आडवी पसरलेली आहे. दोन बाहू पुढें करून ती मधलें अंगण कवेंत घेते, आणि तिच्या अंगावर सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंतील विद्यार्थ्यांनीं ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं कोरलेली पानाफुलांची आणि प्राण्यांची नक्षी आहे. नगरमंदिरास असा पसारा मिळण्यासारखा नव्हता. हॉर्नबी रोड आणि क्रुकशँक रोड, म्हणजे आजचे दादाभाई नौरोजी मार्ग व महापालिका मार्ग, जेथें एकत्र येतात तेथें पाचरीसारखी त्रिकोणी जागा त्याच्या वांट्यास आली. कच्च्या हाताच्या शिल्पकारानें अशा जागेवर दोन रस्त्यांना दोन तोंडें केलीं असतीं आणि कोपरा तसाच बोथट सोडला असता. स्टीव्हन्सनें उलट केलें. त्यानें पाचरीचें टोंक हेंच इमारतीचें मुख मानलें, त्यावर मनोरा चढविला, मनोऱ्यावर सुमारे २३५ फूट उंचीपर्यंत जाणारा मोठा घुमट ठेवला, आणि दोन्ही पाखे दोन रस्त्यांच्या कडेनें मागें सोडून दिले. पुढें झेंपावणाऱ्या गलबताच्या नाळेसारखा हा आकार दिसतो. समोरच्या आडव्या इमारतीशीं उंचीनें बोलावयाचें हा त्याचा निर्णय आम्ही ह्या वास्तूचा सर्वांत मोठा गुण समजतों. अडचणीची जागा हेंच ज्याच्या कल्पनेचें बळ होतें, तो खरा शिल्पकार. आणि ह्या कसोटीस स्टीव्हन्स येथें स्टेशनापेक्षांहि अधिक उतरला आहे.

घुमटाविषयीं मात्र मतभेदास जागा आहे. गॉथिक इमारतीचें स्वाभाविक शिखर म्हणजे निमुळता सुळका. तिच्या सर्व रेषा वर चढत जाऊन एका टोंकांत संपाव्या अशी त्या पद्धतीची रीति. येथें त्या रेषा चढतात आणि शेवटीं फुगीर, कांद्याच्या आकाराच्या घुमटांत विसांवतात. भोंवतीं लहान घुमट्या आहेत, खालीं पाकळ्यापाकळ्यांच्या कमानी आहेत. हें मिश्रण शास्त्रशुद्ध नाहीं असें पंडित म्हणतील, आणि त्यांचें म्हणणें खरें आहे. परंतु शुद्धतेची कसोटी लावली तर मुंबईची भाषा, मुंबईचें जेवण आणि मुंबईचा पोशाख यांपैकीं एकहि गोष्ट पास होणार नाहीं. आम्हांस घुमटाचा आकार खटकत नाहीं. तो ज्या जागेवर आहे ती जागा विचार करावयास लावते. हा घुमट सभागृहावर नाहीं. तो मुख्य जिन्यावर आहे.

आंत गेल्यावर याचा अर्थ कळूं लागतो. घुमटाखालचा हा जिना भव्य आहे, याविषयीं दुमत होणार नाहीं. वरून उतरणारा प्रकाश, टप्प्याटप्प्यानें उलगडणाऱ्या कमानी, आणि चढणाऱ्यास आपण कोठें तरी थोर ठिकाणीं निघालों आहों असें वाटावयास लावणारी रुंदी, हें सर्व तेथें आहे. पण जिना हा पोंचण्याचा मार्ग आहे. पोंचावयाचें ठिकाण नव्हे. ज्या दालनासाठीं ही सारी खटपट, तें महापालिकेचें सभागृह सुमारे ६५ फूट लांब आणि त्याच्या निम्मेंच रुंद आहे. सागवानी छताचें तें दालन बेताच्या मापाचें, देखणें, बोलणाऱ्याचा आवाज सर्वांस ऐकूं जावा असें आहे. तथापि बाहेरच्या रस्त्यावरून पाहणाऱ्यास तें कोठें आहे हें कळण्यास मार्ग नाहीं. एवढ्या मोठ्या वास्तूंत लोकांचें म्हणून दालन एक, आणि बाकी सर्व कचेऱ्या. १८८८ च्या कायद्यानें अंमल आणि धोरण यांची जी वांटणी केली तिचा उल्लेख आम्हीं वर केला. तीच येथें दगडांत उतरली आहे. कारभारास बहुतेक घर मिळालें, विचारविनिमयास एक खोली मिळाली, आणि शिखराचा मान दोघांच्या मधल्या जिन्यानें घेतला.

हें असेंच व्हावयास हवें होतें काय? याच्या उत्तरासाठीं मँचेस्टरकडे पाहणें योग्य होईल. कारण त्या शहराचा आणि मुंबईचा कापसाच्या धाग्यानें बांधलेला जुना संबंध आहे. मँचेस्टरचा टाउन हॉल आल्फ्रेड वॉटरहाउस ह्या शिल्पकारानें बांधला आणि तो १८७७ मध्यें उघडला. जागा तेथेंहि त्रिकोणी, पद्धति तेथेंहि गॉथिक, आणि उंच मनोरा तेथेंहि आहे. उद्घाटनास राणी आली नाहीं, तेव्हां शहराचे मेयर एबल हेवुड यांनींच तें उरकलें. हे हेवुड तरुणपणीं सरकारी मुद्रांकाचा कर न भरलेलीं वर्तमानपत्रें विकल्याबद्दल तुरुंगांत जाऊन आलेले पुस्तकविक्रेते होते. तेथील मोठ्या सभागृहाच्या भिंतींवर फोर्ड मॅडॉक्स ब्राउन ह्या चित्रकारानें शहराच्या इतिहासाचीं बारा चित्रें काढलीं. त्यांत फ्लँडर्सहून आलेले विणकर आहेत, धोट्यांत सुधारणा करणारा जॉन के आहे, दलदलींतून वायु गोळा करणारा रसायनशास्त्रज्ञ डाल्टन आहे. ह्या चित्रांचें काम १८९३ मध्यें, म्हणजे मुंबईची इमारत पुरी झाली त्याच वर्षीं, संपलें. विणकराच्या नातवानें त्या सभागृहांत पाऊल टाकलें तर त्यास भिंतीवर आपला आजा दिसे.

मुंबईच्या भिंतींवर काय आलें? दर्शनी भागाच्या शिखरावर पंख असलेली एक स्त्रीमूर्ति बसविली गेली आणि तिच्या रूपानें 'उर्ब्स प्रायमा इन इंडिस' हें बिरुद मूर्तिमंत झालें. 'हिंदुस्थानांतील पहिलें नगर' असा त्या लॅटिन शब्दांचा अर्थ. समोर स्टेशनाच्या घुमटावर 'प्रगति'ची मूर्ति, आणि येथें ही प्रथम नगरी. दोघी चौकाच्या दोन बाजूंस उभ्या. मूर्ति सुबक आहेत. पण मँचेस्टरच्या चित्रांत जी गोष्ट आहे ती ह्या मूर्तींत नाहीं : कोणी माणूस. कोळी नाहीं, माझगांवच्या गोदींत जहाजें बांधणारा पारशी सुतार नाहीं, कोंकणांतून येऊन गिरणीच्या भोंग्यावर जगणारा कामकरी नाहीं. शहराचा मोठेपणा सांगितला आहे, तो कोणाच्या कष्टानें आला हें सांगितलेलें नाहीं. आणि जें सांगितलें तें अशा भाषेंत कीं, कर भरणाऱ्या हजारांत एकासहि तें वाचतां येऊं नये. पुढें महापालिकेच्या चिन्हावर धर्म आणि जय यांविषयींचें संस्कृत वचन आलें. त्यानें भाषा जवळची झाली. माणूस तेव्हांहि आला नाहीं.

ह्या संबंधांत एक गोष्ट मनाला चुटपुट लावते. इमारत पुरी होत असतांना म्युनिसिपल कमिशनर होते हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ. हें नांव आमच्या वाचकांस वेगळ्याच कारणानें परिचित असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्यानें ज्यांनीं शाहिरांच्या तोंडचे ऐतिहासिक पोवाडे जमवून १८९१ मध्यें प्रसिद्ध केले, आणि पुढें त्यांतील कांहींचें इंग्रजी पद्यांत रूपांतर केलें, तेच हे अ‍ॅकवर्थ. मराठी पोवाड्याचा कान असलेला मनुष्य ज्या काळीं नगरकारभाराच्या शिरोभागीं होता, त्याच काळीं नगरमंदिराच्या कपाळावर मराठीचें एक अक्षरहि उमटूं नये, हा त्या एका व्यक्तीचा दोष आम्ही मानीत नाहीं. विद्येचा आणि सत्तेचा व्यवहार दोन वेगळ्या वह्यांत मांडण्याची त्या काळाची रीतच होती.

पहिलेपणाच्या ह्या अभिमानाची परीक्षा फार लवकर झाली. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवीच्या दाट वस्तींत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, ओळखला. व्हिएगस हे स्वतः महापालिकेचे सभासद होते. तीन वर्षांपूर्वीं जिनें आपलें शिखर चढविलें त्या नगरीच्या पोटांत हवा आणि उजेड नसलेल्या खोल्यांचीं किती जाळीं आहेत, हें त्या रोगानें साऱ्या जगास दाखविलें. १८९७ च्या मार्चांत सरकारनें जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी नेमली आणि रोगनिवारणाचें काम महापालिकेच्या हातून त्या कमिटीकडे गेलें. पुढच्याच वर्षीं दाट वस्त्या मोडून नवे रस्ते काढण्यासाठीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही निराळी संस्था कायद्यानें निर्माण झाली. ती महापालिकेंत विलीन होण्यास १९३३ साल उजाडावें लागलें. म्हणजे घर बांधून पांच वर्षें होतात न होतात तोंच घरांतील दोन मोठीं कामें घराबाहेर गेलीं. शहर स्वच्छ ठेवणें आणि माणसांना राहण्याजोगी जागा देणें यांहून नगरसंस्थेचें मोठें काम तें कोणतें? दगडाचा मनोरा कितीहि उंच केला तरी त्याच्या आंतल्या संस्थेचा अधिकार त्याबरोबर उंचावत नाहीं, हा धडा मुंबईनें अशा कठोर रीतीनें घेतला.

तरीहि ही इमारत इतिहासानें पोकळ ठरविली असें आम्ही म्हणणार नाहीं. बांधणाऱ्यानें जें दिलें नाहीं तें वापरणाऱ्यांनीं हळूहळू तीत आणलें. फिरोजशहा मेहता १९१५ मध्यें वारले, तोंपर्यंत चाळीस वर्षांहून अधिक काळ ते ह्या संस्थेशीं निगडित होते. कमिशनरास हिशेब विचारणें, अंदाजपत्रकांतील रकमांवर घासाघीस करणें, सरकारी सभासदांसमोर निवडून आलेल्या सभासदाचा मान राखणें, ह्या गोष्टी त्यांनीं सभागृहाच्या संवयीच्या केल्या. त्यांचा पुतळा १९२३ मध्यें इमारतीच्या तोंडाशींच उभा राहिला. साम्राज्याच्या ऐन भरांत, राणीच्या नांवाच्या स्टेशनासमोर, राजाचा किंवा लाटसाहेबाचा नव्हे, तर एका नगरसेवकाचा पुतळा उभा राहावा, ह्यांत स्टीव्हन्सच्या आराखड्यास मिळालेली मोठी पुरवणी आम्हांस दिसते. त्या उभ्या माणसामुळें मागच्या मनोऱ्यास माप मिळालें, आणि घराच्या दारांत घरचें कोणी तरी दिसूं लागलें.

त्यानंतरचे टप्पेहि ह्याच दिशेनें गेले. १९३१ मध्यें अध्यक्षपदाचें नांव मेयर असें झालें. १९४८ मध्यें प्रौढ मतदानावर पहिली निवडणूक झाली, आणि कराच्या रकमेवरून माणूस मोजण्याची पद्धति संपली. ज्या जिन्यानें पूर्वीं सॉलिसिटर, गिरणीमालक आणि युनिव्हर्सिटीचे फेलो चढत, त्याच जिन्यानें पुढें चाळींतल्या मतदारांनीं निवडलेलीं माणसें चढूं लागलीं. जिन्यावर शिखर ठेवण्याचा स्टीव्हन्सचा निर्णय या दृष्टीनें पाहिला तर थोडा निराळा वाटतो. चढून येणाऱ्याचा मान करणारी ती जागा आहे. प्रश्न इतकाच होता कीं, चढण्याचा हक्क कोणास. तो प्रश्न शिल्पकाराच्या हातचा नव्हता, आणि त्याचें उत्तर येण्यास पंचावन्न वर्षें लागलीं.

एक उणीव मात्र काळालाहि भरून काढतां आलेली नाहीं. ह्या घराला अंगण नाहीं. इटलींतील सिएना शहराच्या नगरगृहासमोर उतरतें, शिंपल्याच्या आकाराचें मोठें मैदान आहे. सारें गांव तेथें बसलें तरी त्याचें तोंड नगरगृहाकडेच होतें. मँचेस्टरसहि समोर चौक आहे. मुंबईच्या नगरमंदिरापुढें मात्र गाड्यांचा अखंड लोंढा आहे, आणि दहा माणसें एकत्र उभीं राहिलीं तर रहदारीस अडथळा होतो. पाण्यासाठीं, घरासाठीं, पगारासाठीं दाद मागणाऱ्यांचे मोर्चे रस्त्यापलीकडे आझाद मैदानांत जाऊन बसतात. तेथून घुमट स्पष्ट दिसतो, पण घुमटाखालीं बसलेल्यांना मैदानांतील आवाज पोंचतोच असें नाहीं. शहराचें घर एकीकडे आणि शहराचें अंगण दुसरीकडे, अशी ही रचना आहे; आणि हिच्यांत सौंदर्याच्या दोषापेक्षां नागरिक जीवनाचा दोष अधिक आहे.

अलीकडच्या काळाविषयीं थोडक्यांत सांगतों. कचेऱ्या वाढल्या तशी जुन्या इमारतीच्या मागें नव्या काळाची साधी, चौकोनी पुरवणी इमारत उभी राहिली. तिच्याविषयीं समीक्षकानें बोलावें असें तिच्यांत कांहीं नाहीं. २००० सालीं सभागृहास आग लागून आंतील लांकूडकामाची मोठी हानि झाली. पुढें तें पुनः सजविण्यांत आलें. २०२१ च्या जानेवारीपासून सुटीच्या दिवशीं मार्गदर्शकासह ही वास्तु आंतून पाहण्याची सोय लोकांसाठीं झाली. ही सोय आम्हांस स्वागतार्ह वाटते. ज्या घराचा खर्च आपण दिला तें पाहण्यासाठीं सव्वाशे वर्षें थांबावें लागलें, हेंच आश्चर्य.

परंतु ह्या सोयीपाठोपाठ जें घडलें त्याकडे डोळेझांक करतां येत नाहीं. २०२२ च्या मार्चांत निवडून आलेल्या सभासदांची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ नवी निवडणूक न होतां सर्व कारभार सरकारनें नेमलेल्या प्रशासकाच्या हातीं राहिला. ह्या काळांत जिना झळाळत होता, घुमटावर रात्रीं दिव्यांची आरास होत होती, प्रवाशांचे जथे येऊन छायाचित्रें घेत होते; आणि त्या ६५ फुटांच्या दालनांत लोकांच्या वतीनें प्रश्न विचारणारा एकहि सभासद नव्हता. १८६५ मध्यें सर्व सत्ता एका कमिशनराच्या हातीं होती. तिच्याविरुद्ध चळवळ करूनच ह्या सभागृहाचा पाया घातला गेला होता. दीडशे वर्षांनीं सभागृह सुंदर राहिलें आणि त्याचें काम थांबलें, तरी शहरांत त्याची फारशी हळहळ ऐकूं आली नाहीं. एखादी वास्तु प्रेक्षणीय झाली म्हणजे तिच्या उपयोगाचा विसर पडण्यास आरंभ होतो कीं काय, अशी शंका आम्हांस तेव्हांपासून येत आहे.

आमच्या मतें, एकंदरीत, ही इमारत शिल्पकौशल्याच्या दृष्टीनें पहिल्या प्रतीची आहे. जागेचा उपयोग, उंचीचा तोल आणि जिन्याची योजना ह्या तीन गोष्टींत तिच्या तोडीच्या इमारती ह्या देशांत फार नाहींत. अलंकार सुबक पण अबोल आहे; नागरिकांस जागा देण्याच्या बाबतींत ती कंजूस आहे; आणि सभागृहाचें महत्त्व तिच्या बाह्यांगावरून कळत नाहीं. यांपैकीं पहिली उणीव आजहि दूर करतां येईल. आंतील भिंतींवर ह्या शहराच्या घडणीचीं चित्रें आपल्याच चित्रकारांकडून काढून घेण्यास कोणाची हरकत असावी असें दिसत नाहीं; कोळीवाड्यापासून गिरणगांवापर्यंत विषयांची वाण पडणार नाहीं. दुसरी उणीव भागविणें कठीण आहे. तिसरी मात्र सर्वस्वीं वाचकांच्या हातीं आहे. वास्तु पाहण्यासाठीं सुटीचा दिवस काढून अवश्य जावें. पण सभा असेल अशा एखाद्या दिवशीं प्रेक्षकांच्या सज्जांत बसून आपल्या वॉर्डाचा सभासद काय बोलतो, किंवा बोलतो कीं नाहीं, हेंहि ऐकून यावें. सागवानी छताखालच्या त्या दालनाची योजना याच कामासाठीं केलेली आहे, आणि तें काम चाललेलें पाहिल्यावांचून ह्या इमारतीचें परीक्षण पुरें झालें असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं.